गुडघ्यातले ‘रक्ताचे इंजेक्शन’ : पैसे मोजण्यापूर्वी समजून घ्या



गळीत हंगाम आटोपला, उसाची शेवटची गाडी काट्यावरून गेली, की आपल्यापैकी कित्येकांना आपापल्या गुडघ्यांची आठवण होते. पाच-सहा महिने तोडणीची पाळी, भरणी, खोडव्याची मशागत आणि रात्री-अपरात्रीचे पाणी या धांदलीत दुखणे अंगावर काढलेले असते. मग चार घरची माणसे मिळून गाडी करतात आणि ठाणे जिल्ह्यातील अकलोलीला निघतात. भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरी, तिथे देवीचे दर्शन, आणि पुढे जवळच तानसा नदीच्या काठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडे. गंधकाचा वास येणाऱ्या त्या पाण्यात गुडघे बुडवून बसायचे, आणि हलक्या पायांनी गावी परतायचे, हा रिवाज जुना आहे.

यंदा असेच जाऊन आलेले आपले एक ज्येष्ठ सभासद, त्यांना आपण तात्या म्हणू, थेट गट ऑफिसात आले. कुंडाच्या कडेला त्यांना एका गृहस्थांनी नवीच गोष्ट सांगितली होती. “आपल्याच दंडातलं रक्त काढतात, यंत्रात फिरवतात आणि गुडघ्यात सोडतात. तीन इंजेक्शनं घेतली की गुडघा नवा!” तात्यांनी परतताना एका दवाखान्यात चौकशीही केली. तिन्ही इंजेक्शनांचे पैसे आगाऊ भरायचे होते. तात्यांचे म्हणणे एवढेच, की पुढच्या उसावर काही उचल मिळेल का. आणि जाता जाता त्यांनी विचारले, “पण हे खरं असतं का हो?”

उचल मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न कचेरीचा. परंतु दुसरा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. म्हणून जाणकारांकडून समजून घेऊन आम्ही ही माहिती सभासदांपुढे ठेवत आहोत.

आधी दुखते कुठे ते पाहू

“गुडघे दुखतात” हे आपण एका दमात म्हणतो, पण त्यामागची कारणे वेगवेगळी असतात. पन्नाशीनंतर सर्वांत जास्त आढळते ती सांध्याची झीज. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो वर्षानुवर्षांच्या ओझ्याने, वाढलेल्या वजनाने किंवा जुन्या मारामुळे झिजतो. “वंगण संपलंय” असे आपण म्हणतो ते यालाच. या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे बोटाची जखम जशी आपोआप भरते तशी कूर्चा भरून येत नाही.

दुसरे दुखणे कंडरेचे. स्नायू हाडाला बांधून ठेवणारी जी चिवट दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. खुरपे, कोयता, फावडे सतत चालवून कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येते, टाचेच्या मागची जाड दोरी दुखते, खांदा वर उचलत नाही. ही सारी बहुधा कंडरेची दुखणी. तिथेही रक्तपुरवठा बेताचाच असतो, म्हणून ती लवकर हटत नाहीत.

तिसरा प्रकार आमवात, युरिक ॲसिडमुळे होणारा वात, किंवा सांध्यात झालेला जंतुसंसर्ग. यांचे औषध अगदी निराळे. सांधा लाल-गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असेल, तर कुंडही नको आणि ऐकीव इंजेक्शनही नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

रक्तातून नेमके काय काढतात?

या उपचाराला पी. आर. पी. म्हणतात. पूर्ण नाव प्लेटलेट रिच प्लाझ्मा, म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेला रक्तद्रव. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूच्या साथीने घरोघरी पोहोचवला आहे. “प्लेटलेट पन्नास हजारांवर आल्या” ऐकले की आपले धाबे दणाणते. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. बोट कापले की या बारीक कणिका तिथे गोळा होतात आणि रक्ताची गुठळी बांधून वाहणे थांबवतात. एवढेच नव्हे, तर त्या काही द्रव्ये सोडतात. दुरुस्तीला लागणाऱ्या पेशींना बोलावण्याचे आणि नवी ऊती वाढवण्याचे काम ही द्रव्ये करतात.

यावरून विचार असा निघाला की, जिथे रक्त फारसे पोहोचत नाही तिथे या प्लेटलेट मुद्दाम नेऊन सोडल्या तर? प्रथम जबड्याच्या आणि इतर शस्त्रक्रियांत हा प्रयोग झाला. पुढे परदेशी खेळाडूंनी तो उचलला आणि तिथून तो आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत आला.

कृती समजायला आपल्या सभासदांना अडचण पडू नये. कारखान्यात सेंट्रीफ्यूगल मशीन गरगर फिरून घट्ट पाकातली मळी बाहेर फेकते आणि साखरेचे दाणे मागे ठेवते, हे आपण पाहिले आहे. इथे जाळी नसते, वजनाप्रमाणे थर लागतात, एवढाच फरक. दंडातून थोडे रक्त काढतात. पद्धतीप्रमाणे पंधरा ते साठ मिलिलिटर. ते गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात आणि नळी यंत्रात फिरवतात. तांबड्या पेशी जड, त्या तळाशी बसतात. वर पिवळसर रक्तद्रव राहतो. दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर येतो. प्लेटलेटचा भाग वेगळा काढून घेतला की नेहमीच्या रक्तापेक्षा कित्येक पट प्लेटलेट असलेला काही मिलिलिटर द्रव मिळतो. तो तासा-दोन तासांत दुखऱ्या जागी टोचतात. कंडरेत टोचताना सुई नेमकी जावी म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून टोचणे चांगले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सगळ्या उसाचा उतारा जसा सारखा पडत नाही, तसा सगळ्या दवाखान्यांतला पी. आर. पी. सारखा नसतो. रुग्णाचे रक्त, यंत्राचा वेग, फिरवण्याचा वेळ, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यावर प्लेटलेटचे प्रमाण बदलते. नाव एक, पण माल निराळा.

गुण येतो का? प्लॉट टाकून पाहू

आता मुद्द्याचा प्रश्न. नवे खत चांगले की वाईट हे आपण कसे ठरवतो? पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर गेलेल्या सभासदांना ठाऊक आहे. शेजारी शेजारी प्लॉट टाकतात. एकाला खत, दुसऱ्याला काही नाही. पाऊस चांगला झाला तर दोन्ही प्लॉट वाढतात. म्हणून नुसता खत दिलेला प्लॉट पाहून “खताने ऊस वाढला” म्हणता येत नाही; दोहोंतला फरक पाहावा लागतो.

औषधाचेही तसेच. सांध्याचे दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. माणूस डॉक्टरकडे जातो ते बहुधा दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर ते काही अंशी आपोआप उतरते. शिवाय कोणी आस्थेने तपासले, सुई दिली, पैसे मोजले, की मनही उभारी धरते. म्हणून जाणते संशोधक एका गटाला पी. आर. पी. देतात, दुसऱ्याला नुसते सलाइनचे पाणी देतात, आणि कोणाला काय दिले ते रुग्णाला कळू देत नाहीत.

आपल्या देशातील अशा एका प्रयोगाचा दाखला चंदीगडचा आहे. तिथल्या पी. जी. आय. संस्थेतील डॉक्टरांनी दोन्ही गुडघे झिजलेल्या ७८ रुग्णांवर तो केला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना एक इंजेक्शन, काहींना दोन, काहींना सलाइन. सहा महिन्यांपर्यंत पी. आर. पी. घेतलेल्यांचे दुखणे सलाइनवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी राहिले. दोन इंजेक्शने एकापेक्षा सरस ठरली नाहीत. आणि सहा महिने भरता भरता गुण ओसरू लागल्याचेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले.

दुसरा दाखला ऑस्ट्रेलियाचा, २०२१ सालचा. तिथे पन्नाशीच्या पुढील २८८ रुग्ण घेतले. दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली, निम्म्यांना पी. आर. पी. आणि निम्म्यांना सलाइन, आणि वर्षभर लक्ष ठेवले. शून्य ते दहाच्या मापावर पी. आर. पी. गटाचे दुखणे सरासरी २.१ ने उतरले. सलाइन गटाचे १.८ ने! म्हणजे बरे दोघांनाही वाटले, पण फरक नगण्य. एम. आर. आय. काढून कूर्चा मोजली, तिथेही फरक नाही. त्या प्रयोगातील द्रवात प्लेटलेट कमी होत्या, असा आक्षेप काही डॉक्टरांनी घेतला आहे, तोही सांगितला पाहिजे. परंतु “तीन इंजेक्शनांत नवा गुडघा” या बोलण्याला त्यातून आधार मिळत नाही.

तज्ज्ञांच्या संस्थांतही एकमत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी हे इंजेक्शन देऊ नये, असे ठामपणे म्हटले. तिथल्याच अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने २०२१ मध्ये “दुखणे कमी होण्यास मदत होऊ शकते” अशी मर्यादित शिफारस केली. इंग्लंडची नाइस ही सल्लागार संस्था २०१९ मध्ये म्हणाली की सुरक्षिततेबद्दल मोठी चिंता नाही, परंतु उपयोगाचा पुरावा कमी प्रतीचा आहे. सबब रुग्णाला सारे समजावून, नोंद ठेवूनच ते द्यावे.

कोपर आणि टाच

कंडरेच्या दुखण्याबाबत हॉलंडमधला २०१० चा प्रयोग नेहमी सांगितला जातो. कोपर दुखणाऱ्या १०० रुग्णांपैकी काहींना पी. आर. पी., काहींना स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. वर्षानंतर पी. आर. पी. गटातील ७३ टक्के रुग्णांना चांगला गुण होता, स्टेरॉइड गटातील ४९ टक्के रुग्णांना. आकडा मोठा दिसतो. पण तुलना कशाशी केली ते पाहावे. स्टेरॉइडने कोपराला चार आठवडे झकास वाटते आणि पुढे दुखणे अनेकदा उलटते, हे माहीत झालेले आहे. काहीच न दिलेला प्लॉट इथे नव्हताच. पुढे सलाइनशी तुलना करणारे प्रयोग एकत्र तपासून कोक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये निष्कर्ष काढला, की कोपराच्या दुखण्यात या इंजेक्शनाचा लक्षात येण्याजोगा फायदा बहुधा होत नाही. टाचेमागच्या कंडरेवर हॉलंडमध्ये २०१० मध्ये ५४ आणि इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये २४० रुग्णांवर प्रयोग झाले. दोन्हींत खऱ्या आणि खोट्या इंजेक्शनांत फरक दिसला नाही.

मग हा सारा बनाव आहे काय? तसेही आम्ही म्हणणार नाही. रक्त आपलेच असल्याने त्याची ॲलर्जी सहसा होत नाही. स्टेरॉइडने मधुमेह्याची साखर काही दिवस वाढते, तसे यात होत नाही. सुरुवातीच्या वा मध्यम झिजेत काही रुग्णांना काही महिने आराम पडतो, असे अनुभवी डॉक्टरही सांगतात. म्हणून आमचे मत असे : ही आशा आहे, हमी नव्हे. आणि आशेसाठी किती पैसे मोजायचे हे ज्याचे त्याने, डोळे उघडे ठेवून ठरवावे.

अकलोलीलाही तोच काटा

इंजेक्शनाला एक माप आणि कुंडाला दुसरे, असे करून चालणार नाही. अकलोली-वज्रेश्वरीचे ऊन पाणी म्हणजे देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त, अशी लोककथा आहे. भूगर्भशास्त्र सांगते की खडकांच्या भेगांतून खोलवर मुरलेले पाणी पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापून वर येते. उबेने आखडलेले स्नायू सैल होतात, पाण्यात शरीराचे ओझे हलके वाटते, सांधा मोकळा हलतो. चार दिवस शेत विसरून विसावा मिळतो तो वेगळाच. हा आराम खरा आहे. पण त्याने झिजलेली कूर्चा उगवून येत नाही, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा जावे लागते.

मात्र तिथे लुटण्यासारखे फारसे काही नाही, हा मोठा गुण. काळजी इतकीच, की काही कुंडांचे पाणी फार कढत असते, म्हणून आधी हाताने पाहावे. दहा-पंधरा मिनिटांवर बसू नये. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे त्यांनी विशेष जपावे. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते. हृदयविकार व रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जावे. उघड्या जखमेसह कोणीही उतरू नये.

इंजेक्शन घ्यायचेच असेल तर विचारा

१. माझे दुखणे नक्की कसले? उभे राहून एक्स-रे काढला का? झीज किती? हाडाला हाड घासू लागले असेल तर इंजेक्शनाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. अशा वेळी सांधा बदलण्याचा सल्ला मिळाला, तर कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिल्या, हे लक्षात ठेवून बिलाची फोड मागावी.

२. हे पी. आर. पी. आहे, की वंगणाचे इंजेक्शन, की स्टेरॉइड? तिन्ही वेगळी आहेत. “गुडघ्यात इंजेक्शन दिलं” एवढ्यावर समाधान मानू नये. चिठ्ठीवर नाव लिहून घ्यावे.

३. एका इंजेक्शनाचे सर्व मिळून किती? एकेक घेऊन गुण पाहता येईल का? आगाऊ तीनचे पैसे भरण्याची सक्ती असेल तर घाई करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

४. सुई, नळी, सिरिंज नव्या आणि आपल्या समोर फोडलेल्या आहेत का? नळीवर आपले नाव आहे का? सांध्यात जंतू शिरले तर दुखण्यापेक्षा उपाय महाग पडतो.

५. माझ्या इतर औषधांचे काय? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, प्लेटलेट कमी असतील, ताप वा कोठे पू असेल, कर्करोगाचा उपचार चालू असेल, तर ते आधी सांगावे. हृदयासाठीची ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या प्लेटलेटच्या कामात आड येतात, म्हणून त्या काही दिवस थांबवायला सांगतात. किती दिवस ते डॉक्टरांनाच विचारावे.

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस दुखणे वाढू शकते. त्याने घाबरू नये. पण सूज वाढत जाऊन ताप आला तर तसेच दवाखान्यात जावे.

बिनपैशाची मशागत

झिजलेल्या गुडघ्याला सर्वांत भरवशाचा आधार मांडीच्या स्नायूंचा, हे मात्र सर्व संस्था एकमुखाने सांगतात. खुर्चीवर बसावे, एक पाय सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरावा, हळू खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. टाचेसाठी ओट्याला धरून टाचा सावकाश वर उचलाव्यात आणि त्याहून सावकाश खाली आणाव्यात. पहिले पंधरा दिवस थोडे दुखेल. गुण कळायला सहा ते बारा आठवडे लागतात. लागण केली की महिन्यात तोड मागायची नसते.

दुसरे वजन. जाड व्यक्तीचे एक किलो वजन उतरले तर चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजून पाहिलेले आहे. पाच किलो उतरले तर वीस किलोंचे पोते खाली ठेवल्यासारखेच!

तिसरे, उकिडवे बसणे कमी करावे, जेवायला खुर्ची घ्यावी, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्याकडच्या भगिनी खुरपणीला तासन् तास उकिडव्या बसतात आणि घरी आल्यावर पुन्हा चुलीपुढे वा केरवाऱ्याला वाकतात. त्यांचे गुडघे आधी जातात आणि दवाखान्यात मात्र शेवटी जातात. खुरपायला बुटके स्टूल आणि स्वयंपाकाला उभा ओटा हा खर्च कोणत्याही इंजेक्शनाआधी करण्याजोगा आहे.

तात्यांना आम्ही हे सारे वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे आधी प्लॉट टाकून बघायचा म्हणता.” त्यांनी एक्स-रे काढून आणला; झीज मध्यम निघाली. उचलीचा अर्ज तूर्त त्यांनी खिशातच ठेवला आहे. दिवाळीपर्यंत मांडीचा व्यायाम करायचा, वजन उतरवायचे, आणि तरी भागले नाही तर एक इंजेक्शन घेऊन पाहायचे, असे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवले. अकलोलीची फेरी मात्र चुकवणार नाहीत. “देवीचं दर्शन तर होतंच की,” असे त्यांचे म्हणणे.

वर्षभर घाम गाळून पिकवलेल्या उसाचे बिल हातात येते, तेव्हा त्यावर अनेकांचा डोळा असतो. त्यातला रुपया शरीरासाठी खर्चायला आमची ना नाही. काट्यावर आपली गाडी उभी असताना आपण आकड्यावर नजर ठेवतो, तशीच ती दवाखान्यातही ठेवावी, एवढीच सर्व सभासदांस विनंती. कळावे.